शहाण्याच्या तोंडी वऱ्हाडी द्या

मराठी विनोदी मालिकेत अधूनमधून एक पात्र हमखास अवतरतं. ते नायकाच्या घरात न विचारता शिरतं, स्वयंपाकघरातला डबा उघडतं, कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि बोलताना 'काहून बे', 'मले काय मालूम' असं काहीतरी म्हणतं. त्यानं तोंड उघडायचा अवकाश, मागे रेकॉर्ड केलेलं हसू वाजतं. मग आमच्याकडे, यवतमाळपासून बुलडाण्यापर्यंत, पानठेल्यांवर आणि मोबाइलवर तोच वाद नव्यानं पेटतो. एक गट म्हणतो, हा विदर्भाचा अपमान आहे, पात्र काढा, माफी मागा. दुसरा म्हणतो, गंमत आहे, हसा आणि सोडून द्या. दोन्ही गट मला चुकीच्या जागी उभे दिसतात. विक्षिप्त सोबती हे विनोदी मालिकेतलं सर्वांत मोलाचं पात्र आहे आणि त्यानं वऱ्हाडी बोलावं यातही काही बिघडलेलं नाही. बिघडलं आहे ते एवढंच, की त्या अख्ख्या मालिकेत वऱ्हाडी बोलणारा तो एकटाच असतो. भांडायचंच असेल तर वेड्याच्या तोंडची बोली काढून घ्यायला नको. शेजारी बसलेल्या शहाण्याच्या तोंडी ती घालायला भांडावं.

आधी हे पात्र लागतंच कशाला ते पाहू. वीस-बावीस मिनिटांत घरात गोंधळ उडाला पाहिजे आणि शेवटी सगळं होतं तसं झालं पाहिजे, कारण पुढच्या भागाला तेच घर आणि तीच माणसं लागणार असतात. नायकाच्या गळ्यात नोकरी, संसार, घरभाडं असतं. त्यानं फार वेडेपणा केला तर घरच मोडायचं. म्हणून गोंधळ बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणणाऱ्याकडे गमावण्यासारखं फारसं नसावं लागतं. अमेरिकेतल्या 'साइनफेल्ड' मालिकेत (१९८९ ते १९९८) शेजारचा क्रेमर दार ढकलून धाडकन आत येतो तो याच कामासाठी. ही भूमिका करणाऱ्या मायकेल रिचर्ड्स यांना तीन वेळा एमी पुरस्कार मिळाला. ज्याच्या नावाची मालिका त्या जेरी साइनफेल्डला अभिनयासाठी एकदाही नाही. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकात दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावासोबत बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ होता, आणि एकाला आठवून दुसऱ्याला विसरलेला प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. दुय्यम पात्र म्हणजे दुय्यम मान, हे गणित विनोदात चालत नाही. तेव्हा 'आमचा माणूस नायक का नाही' ही तक्रार मी बाजूला ठेवतो. नायक होणं हे पुष्कळदा शिक्षेसारखं असतं. 'फ्रेंड्स'मधल्या जोईला २००४ साली स्वतःच्या नावाची मालिका मिळाली आणि दोन वर्षांत ती गुंडाळली गेली.

विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र असे झटकून टाकता येत नाहीत. पहिला बोलीच्या लाजेचा. दारव्हा, मूर्तिजापूर, वरोरा अशा गावांतून पुण्याला शिकायला गेलेलं पोर काही महिन्यांत 'मले' टाकतं आणि 'मला' धरतं. त्याला कुणी मारलेलं नसतं, रागावलेलंही नसतं. फक्त ते बोललं की खोलीतली बाकीची पोरं हसलेली असतात. त्या पोरांना हसायचं कुठं हे टीव्हीनं आधीच शिकवून ठेवलेलं असतं. दुसरा मुद्दा याहून टोचणारा. विदर्भातला शेतकरी टीव्हीवर दोनच ठिकाणी दिसतो: बातम्यांत मेलेला आणि विनोदी कार्यक्रमात येडा झालेला. कपाशीवर फवारणी करणारा, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या सचिवाशी हुज्जत घालणारा, पोरीच्या नीटच्या क्लासची फी कशी भरायची याचा हिशेब मांडणारा जो जिवंत माणूस या दोन टोकांच्या मधे राहतो, तो कुठल्याच वाहिनीवर नाही. एकच चित्र वारंवार दिसलं की ते चित्र राहत नाही, ओळखपत्र होतं. आणि ज्याच्यावर हसलं जातं त्याला हे हसणाऱ्यापेक्षा लवकर कळतं. ब्रिटनच्या 'फॉल्टी टॉवर्स' या बाराच भागांच्या मालिकेत बार्सिलोनाहून आलेला, इंग्रजीची चाळण करणारा वेटर मॅन्युएल आहे. ती मालिका स्पेनमध्ये दाखवली तेव्हा स्पॅनिश भाषांतरात मॅन्युएलला इटालियन करून टाकलं. विनोद स्पेनलाही हवा होता, फक्त स्वतःच्या अंगावर नको होता.

एवढं मान्य करूनही, मुंबईकडे बोट दाखवण्याआधी एकदा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन यावं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत रात्र-रात्र नाटकं चालतात आणि लोक थंडीत तिकीट काढून उजाडेपर्यंत बसतात. हे पूर्णपणे आमचं, कुठल्या वाहिनीच्या कृपेवर न जगणारं नाटक. त्यात नायक कुठल्या भाषेत बोलतो? नायिका, गावचा पाटील, पोलीस अधिकारी? बहुतेक नाटकांत हे सगळे पुस्तकी मराठीत बोलतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. ते पात्र प्रेक्षकांचं लाडकं असतं यात वाद नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांची मुख्य ओळख विनोदी नट अशीच आहे. तरीही वाटणी तीच राहिली: अश्रू प्रमाणभाषेत, हसू बोलीत. ही वाटणी मुंबईनं आमच्यावर लादलेली नाही. गंभीर बोलायचं तर 'चांगलं' बोलावं, हे आमच्याच हाडात बसलं आहे. हा लेखसुद्धा मी प्रमाण मराठीत लिहितो आहे, ते का? शहाणं दिसायचं आहे म्हणून! दुखणं किती आतलं आहे याचा पुरावा लांब शोधायला नको.

'गंमत आहे, सोडून द्या' म्हणणारे इथं परंपरेचा दाखला देतात. विदूषक आपल्याकडे पूर्वीपासून आहे, त्यात काय एवढं? दाखला खरा आहे, पण पुरा वाचलेला नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि त्याचा मित्र असलेला विदूषक, जातीनं ब्राह्मण असूनही, प्राकृत. नाट्यशास्त्रानं तर त्याला नेमून दिलेली बोली 'प्राच्या', म्हणजे पूर्वेकडची. (मुंबईत बसून पाहिलं तर विदर्भ पूर्वेलाच येतो. वाहिन्यांनी नाट्यशास्त्र वाचलं असेल असं मात्र वाटत नाही.) पण याच परंपरेत इसवी सन ९०० च्या आसपास राजशेखर नावाचा नाटककार झाला. हा तोच, ज्यानं आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं, म्हणजे मूर्तिमंत काव्याचं, लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिममध्ये लावून दिलं. त्याचं 'कर्पूरमंजरी' हे नाटक सगळंच्या सगळं प्राकृतात आहे. राजाही प्राकृत बोलतो, राणीही, दासीही. मग विदूषकाचं काय झालं? तो गळाला नाही. उलट पहिल्याच अंकात तो विचक्षणा नावाच्या दासीशी कविता कुणाची चांगली यावरून भांडतो, हरतो आणि रुसून चालता होतो. भाषेतली उतरंड काढून घेतल्यावर त्याला हसवण्यासाठी स्वभाव लागला, हट्ट लागला, फजिती लागली. थोडक्यात, नाटककाराला विनोद लिहावा लागला. आजच्या मालिकालेखकाला हे कष्ट नको असतात. 'पोट्टे', 'बे', 'काहून' हे तीन शब्द टाकले की त्याच्या लेखी पात्र तयार.

पात्रच काढून टाकलं तर? हा प्रयोगही झालेला आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतला अपू हा भारतीय दुकानदार कित्येक वर्षं एका गोऱ्या नटाच्या नकली हिंदुस्थानी उच्चारांवर चालला. २०१७ साली हरी कोंडाबोलू या विनोदकारानं त्यावर माहितीपट केला, वाद वाढला आणि २०२० साली हँक अझारिया यांनी अपूला आवाज देणं थांबवलं. तक्रार रास्त होती. पण पदरात काय पडलं? अपूला चांगले संवाद मिळाले नाहीत, घरचं दुःख मिळालं नाही, धंद्यातली अक्कल मिळाली नाही. तो पार्श्वभूमीत मुका उभा राहिला. आमच्या वऱ्हाडी पात्राविरुद्ध निवेदन देणाऱ्यांनी हे चित्र नीट बघावं. वाहिनीला निवेदनाची भीती वाटली तर ती वऱ्हाडी शहाणा लिहायला घेणार नाही. ती वऱ्हाडी पात्रच बंद करेल आणि पुढचा येडा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातून आणेल. भवभूती आमच्याकडचाच, विदर्भातलं पद्मपूर हे आपल्या घराण्याचं गाव म्हणून त्यानंच सांगितलं आहे आणि आमगावजवळच्या पद्मपूरला आज तो मान दिला जातो. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. थोर कवी, पण आपली कदर करणारा कुणी समानधर्मी पुढेमागे कधीतरी जन्मेल, काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी, अशी समजूत त्याला स्वतःलाच घालावी लागली. विदूषक ठेवला असता तर ही वेळ आली नसती, असं मी म्हणत नाही. पण मनात येतं.

काढण्याचा मार्ग असा, तर दुसरा कोणता? १९६० साली अमेरिकेत 'द अँडी ग्रिफिथ शो' सुरू झाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं मेबेरी हे कल्पित खेडं, तिथला समजूतदार शेरीफ अँडी आणि त्याचा फुशारकी मारणारा, घाबरट मदतनीस बार्नी फाइफ. बार्नीला पिस्तुलात गोळी ठेवायची परवानगी नाही. एकच गोळी, ती खिशात. मूळ बेत अँडीनं गावरान विनोद करायचा असा होता, पण डॉन नॉट्स यांचा बार्नी पाहिल्यावर ग्रिफिथ यांनी आपण गंभीर बाजू धरली आणि हसवायचं काम त्याच्याकडे सोपवलं. नॉट्स यांना पाच एमी मिळाले. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बोलणं म्हणजे अडाण्याचं बोलणं, अशी तिथल्या शहरांत जुनी समजूत आहे. पुण्यात आमच्याबद्दल असावी तितकीच पक्की. पण मेबेरीत अँडीही त्याच सुरात बोलतो. ज्याच्याकडे गाव न्याय मागायला येतं, जो पोराला चार गोष्टी समजावून सांगतो, त्याचेही शब्द तसेच लांबवलेले. त्यामुळे बार्नीवर हसताना कुणी दक्षिणेवर हसत नाही, बार्नीवरच हसतं. इकडे 'भाभीजी घर पर हैं'मध्ये सक्सेना विजेचा शॉक खाऊन 'आय लाइक इट' म्हणतो, आणि तो कानपूरचा आहे म्हणून कुणाला हसू येत नाही, कारण मालिकेत आजूबाजूला सगळं कानपूरच आहे. हा एवढा साधा उपाय आहे, आणि त्याला कुणाची माफी लागत नाही.

साधा असला तरी तो परका आहे, असं कुणी म्हणेल. मग अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला चला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा लिहून ठेवल्या. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक. महानुभावांचे हे थोर पुरुष, श्रीचक्रधरांचे गुरू. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की त्या ग्रंथात दिसणारं वागणं कुठल्याही चौकटीत न बसणारं आहे. ते कुणाच्याही घरात शिरतात, हवं ते खातात, खेळतात, रुसतात, स्वतःशीच बोलतात. त्यांना 'राउळ' म्हणणारे गावकरी म्हणतात, 'राउळ वेडे, राउळ पिसे'. आणि तेच गावकरी त्यांना आपले मायबापही मानतात, अडल्यानडल्याला त्यांच्याकडेच धावतात. आता पाहा, सातशे वर्षांपूर्वी आमच्या भाषेनं ज्याला वेडा म्हटलं त्याला मध्यभागी बसवलं होतं, आणि वेडा म्हणणारे व म्हणवून घेणारे एकाच बोलीत बोलत होते. वेड ओळखायला भाषेतल्या फरकाची खूण लागत नव्हती. पुढे, विसाव्या शतकात, डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा वऱ्हाडीत कीर्तन करायचे, समोरच्यांना प्रश्न विचारायचे, लोक हसायचे आणि हसता-हसता चपापायचे. त्या कीर्तनात वऱ्हाडी ही हसण्याची भाषा होती की विचाराची? दोन्ही एकाच वाक्यात होती. टीव्हीनं त्यातलं अर्धंच उचललं.

वाहिन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: अख्खी मालिका वऱ्हाडीत केली तर उरलेल्या महाराष्ट्राला कळणार नाही. हे पटण्यासारखं होतं, जोवर कोल्हापूर आणि सातारा पडद्यावर आले नव्हते. २०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादानं कोल्हापुरी ढंगात प्रेम केलं, 'लागिरं झालं जी'तला फौजी साताऱ्याच्या बोलीत सैन्यात गेला, आणि ते नागपूर-अकोल्यातही घरोघरी पाहिलं गेलं. आम्हाला 'लागिरं' कळतं, मग त्यांना 'काहून' का कळणार नाही? त्या मालिका विनोदी नव्हत्या हे खरं, पण आकलनाचा प्रश्न त्यांनी निकालात काढला. पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीला नायक मिळाला, आई मिळाली, म्हातारा शहाणा आजा मिळाला. 'चला हवा येऊ द्या'तून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी राज्यभर कानांवर पाडली, हे ऋण मोठं आहे. पण दार एका माणसानं उघडलं म्हणजे मागून सगळं घर आत येतंच असं नाही.

बोलीचा हिशेब मिटला तरी पात्राचं लिहिणं उरतंच. 'द हनीमूनर्स' (१९५५-५६) मधला एड नॉर्टन न्यूयॉर्कच्या गटारांत काम करतो आणि त्याला त्या कामाचा केवढा अभिमान! त्याचा तऱ्हेवाईकपणा त्या जमिनीखालून वर येतो. आमच्या मालिकेतला वऱ्हाडी काय काम करतो? त्याला शेत आहे का, पीककर्ज आहे का, बायको आहे का? तो नेमका कुठला? अकोल्याचा माणूस डोळ्याला 'डोया' म्हणतो. नागपूरचं बोलणं निराळं, झाडीतलं त्याहून निराळं, आणि मालिकेत सगळ्यांची एकच भेळ. शिवाय खेड्यात न विचारता घरात शिरणं हा विक्षिप्तपणा नाहीच, सपरीत, म्हणजे ओसरीवर, कुणीही येऊन बसतं, त्यामुळे शहरी मालिकेची ती उडी इथं फुकट जाते. इथल्या विक्षिप्ताला दुसरं काहीतरी लागेल. समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय तृतीयेची घटमांडणी (घागर आणि धान्य मांडून पाऊसपाण्याचं भाकीत करायची रीत) आपल्याला पटत नाही म्हणून एखादा गडी घरामागे स्वतःची घटमांडणी करतो, दर साली पावसाचं भाकीत करतो, दर साली चुकतो आणि दर साली दोष घागरीला देतो. त्याचा एक मित्र आहे, सोसायटीचा सचिव, अख्ख्या गावाचं कर्ज ज्याच्या वहीत आहे तो. तो पोक्त, कमी बोलणारा, आणि पक्कं वऱ्हाडी बोलणारा. भाकितावर विसंबून मित्रानं पावसाआधीच धूळपेरणी केली तर वसुली कशी करायची, ही त्याची पंचाईत. इथं हसू आहे, आणि हसताना पोटात खड्डाही पडतो. आणि हो, घटमांडणी करणारा पुरुषच कशाला हवा? आमच्याकडच्या म्हाताऱ्यांएवढं तिरकस कुणी बोलत नाही, पण टीव्हीनं त्यांना तोंड दाबून स्वयंपाकघरात बसवलं आहे.

अशा मालिकेत प्रमाण मराठी बोलणारा एकच असावा: नव्यानं बदलून आलेला कृषी सहायक. 'मी सांगतोय ते तुम्ही ऐकताय ना?' असं तो अख्ख्या गावाला विचारतो, आणि सपरीत बसलेली आजी सुनेला हळूच विचारते, 'काय म्हनून राह्यला वं थो?' एवढ्यावर एक भाग निभेल. दुसऱ्या भागातही लोक त्याच्या भाषेवरच हसत राहिले तर आम्ही मुंबईचाच धडा गिरवला असं होईल, म्हणून तिथं लेखकानं थांबावं आणि त्याला काम द्यावं. कपाशीत कामगंध सापळे (बोंडअळीचे पतंग पकडणारे) लावा, बोंडअळी येते आहे, हे तो सांगत असतो. बोलणं ऐकूनच गाव हसतं, सापळे कुणी लावत नाही, लावते फक्त आजी, तेही त्याची कीव येऊन. दिवाळीत बोंडं फोडून पाहिली जातात तेव्हा आजीच्या वावरातली तेवढी धड निघतात, आणि सचिव वही मिटून त्या पोराला म्हणतो, 'हाव, बराबर होतं तुमचं. पुढच्या साली जरा जोरात सांगा.'